नाकातून ऑपरेशन, टेबलावर एमआरआय

आरोग्य पत्रपेटी. उत्तरं देणाऱ्या डॉक्टर लातूर परिसरात मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात.

प्रश्न : मा. डॉक्टर मॅडम, स. न. वि. वि. मी अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय 52, शेती करतात. वर्षभरापासून त्यांचं डोकं दुखतं. उन्हाळ्यात नांगरट करताना त्यांनी ट्रॅक्टर दोनदा धुऱ्यावर घातला. नंतर एकदा बाजूने आलेली मोटारसायकल त्यांना दिसलीच नाही, थोडक्यात वाचले. चष्मा बदलून फरक पडला नाही, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये पिट्युटरी ग्रंथीची 28 मिलिमीटरची गाठ, डोळ्याच्या नसेवर दाब आणि ‘नोस्प ग्रेड 1’ असं लिहिलं आहे. रक्तात प्रोलॅक्टिन 62 आलं. टी-4 कमी, पण टीएसएच नॉर्मल. त्यावरून गावाकडच्या डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी सुरू केली.

लातूरला सांगितलं की नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन इथेच होईल, योजनेतही बसेल. हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयात म्हणाले, आमच्याकडे ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय दिसतो, त्यामुळे गाठ मागे राहण्याचा प्रश्नच नाही. खर्च मात्र आमच्या आवाक्याबाहेरचा, कर्ज काढावं लागेल. पाहुणे म्हणतात, जिवाशी खेळ करू नका, हैदराबादलाच न्या. आणि अण्णा म्हणतात, सोयाबीनची काढणी उरकू द्या, मग बघू. आम्ही काय करावं?

उत्तर : गुरुजी, यंत्राकडे येतेच, पण आधी ती थायरॉईडची गोळी. टी-4 हे थायरॉईडचं हार्मोन, आणि टीएसएच हा ते बनवण्यासाठी पिट्युटरीने, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीने, पाठवलेला हुकूम. थायरॉईड ग्रंथीच आजारी असती तर टी-4 कमी झाल्याबरोबर टीएसएच वाढला असता, कारण पिट्युटरी वरून जोर लावते. अण्णांचा टी-4 कमी असूनही टीएसएच जागचा हललेला नाही. म्हणजे दोष गळ्यातल्या ग्रंथीत नाही, वरून हुकूम सोडणारी पिट्युटरीच दाबली गेली आहे. आणि ती थायरॉईडसाठी दाबली गेली असेल तर कॉर्टिसॉलसाठीही, म्हणजे आजारपणात, ताणात शरीर सावरणाऱ्या हार्मोनसाठीही, दाबली गेली असण्याचा मोठा संभव आहे. कॉर्टिसॉल कमी असताना नुसती थायरॉईडची गोळी चढवली तर रक्तदाब पडून, उलट्या होऊन माणूस कोसळू शकतो. म्हणून उद्याच सकाळी आठच्या सुमाराला अण्णांचं कॉर्टिसॉल तपासा आणि रिपोर्ट फिजिशियनला दाखवा. कमी आलं तर आधी स्टेरॉइडची गोळी, मग थायरॉईडची, हा क्रम पाळावा लागतो. चक्कर, उलट्या, फार थकवा असं काही चालू असेल तर रिपोर्टची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन, तेही पिट्युटरीच बनवते. ते 62 याचा अर्थ बहुधा असा की गाठीच्या दाबामुळे ते थोडं वाढलं आहे. खरोखर प्रोलॅक्टिन तयार करणारी एवढी मोठी गाठ असती तर आकडा शेकड्यात, कधी हजारात गेला असता. ‘बहुधा’ म्हणते, कारण प्रोलॅक्टिन अतोनात असलं की काही तपासण्यांमध्ये यंत्र गोंधळतं आणि आकडा खोटाच कमी दाखवतं. लॅबला सांगा, नमुना पातळ करून पुन्हा मोजा. खर्च किरकोळ आहे. पण समजा खरा आकडा हजारांत निघाला, तर ऑपरेशनच टळू शकतं. त्या प्रकारची गाठ बहुतेकदा गोळ्यांनी आटते. नाकात दुर्बीण घालण्याआधी एवढं करून घ्यायलाच हवं, मग ते लातूर असो की हैदराबाद.

आता अण्णांचं सोयाबीन. त्यांना माझ्या नावाने सांगा, काढणीला माणसं मिळतील, नाही मिळाली तर मशीन मिळेल. पिट्युटरीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदून जातात. खालून गाठ वर चढली की तिथे नेमके ते तंतू दाबले जातात, जे डाव्या-उजव्या कडेचं दृश्य आणतात. म्हणून समोरचं पाटीवरचं अक्षर नीट दिसतं आणि धुरा दिसत नाही. तुम्ही घरीच करून बघा. अण्णांच्या समोर हातभर अंतरावर बसा. त्यांना एक डोळा झाकायला सांगा, दुसऱ्या डोळ्याने तुमच्या नाकाकडे बघायला लावा. मग तुमचं बोट कानाच्या बाजूने हलवत हळूहळू आत आणा. बोट किती आत आल्यावर ते ‘दिसलं’ म्हणतात, ते तुम्हालाच कळेल. दाब लवकर निघाला तर या नसा पुष्कळदा सावरतात, कधी ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांतच. महिनोन् महिने दबून वाळलेली नस मात्र परत येत नाही. तोवर ट्रॅक्टरची किल्ली तुमच्याकडे ठेवा. आणि अचानक भयंकर डोकं दुखलं, नजर एकदम गेली, पापणी पडली, तर समजा गाठीत रक्तस्राव झाला. मग रात्र असो की सण, त्याच क्षणी निघायचं.

यंत्राविषयी बोलण्याआधी एक सांगते. टेबलावर एमआरआय काढायची सोय मी शिकले त्या रुग्णालयात होती. आता मी जिथे काम करते तिथे नाही. माझं मत त्या हिशोबाने गाळून घ्या.

हैदराबादच्या डॉक्टरांना सर्वात आधी हे विचारा : ऑपरेशनच्या मधोमध नवीन एमआरआय काढणार, की आधी काढलेला एमआरआय पडद्यावर दाखवणार? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रुग्णाच्या नातेवाइकांना दोन्ही ‘लाइव्ह’ म्हणूनच सांगितल्या जातात. दुसऱ्या प्रकाराला नॅव्हिगेशन म्हणतात. आदल्या दिवशीचा एमआरआय किंवा सीटी संगणकात भरतात. डॉक्टर नाकात काडीसारखं उपकरण धरतात, ते कुठे टेकलं आहे हे पडद्यावर ठिपक्याने दिसतं. हाडात वाट चुकू नये, बाजूच्या रक्तवाहिनीपासून लांब राहावं, यासाठी ते फार कामाचं आहे. पण ते चित्र कालचं. तुम्ही अर्धी गाठ काढली तरी पडद्यावर ती पूर्णच दिसत राहते. नॅव्हिगेशन आता मराठवाड्यातल्या रुग्णांच्याही हाताशी आहे, त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

खरा टेबलावरचा एमआरआय हे फार मोठं प्रकरण असतं. 1994 साली अमेरिकेत बोस्टनला तो पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये आणला. दोन चुंबकांच्या मधल्या फटीत उभं राहून सर्जन काम करायचे. पुढे जर्मनीत एर्लांगनला, कॅनडात कॅलगरीला वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. काही ठिकाणी टेबल फिरवून रुग्णाला चुंबकात नेतात, काही ठिकाणी छताच्या रुळांवरून चुंबकच रुग्णाकडे येतं.

मी पाहिलेल्या थिएटरमध्ये फरशीवर एक रेघ आखलेली होती. त्या रेघेच्या आत चुंबकाची ओढ सुरू होते. गाठ काढून झाली असं सर्जनला वाटलं की काम थांबायचं. नर्स कात्र्या, चिमटे, सक्शनच्या नळ्या एकेक मोठ्याने मोजून रेघेबाहेर न्यायच्या. दुसरी नर्स यादीवर खूण करायची. एक चिमटा कमी भरला तर चुंबक जागचं हलवायचं नाही, तो सापडेपर्यंत सगळे थांबायचे. साधा स्टीलचा चिमटा त्या खोलीत गोळीसारखा सुटतो आणि मध्ये रुग्णाचं डोकं असतं. सगळ्यांचे खिसे तपासायचे, पेनसुद्धा चालत नाही. नाकावर निर्जंतुक कापड, वर एमआरआयची कॉइल, भुलीच्या नळ्या लांब करून जोडलेल्या, मग फोटो. या सगळ्यात पाऊण तास ते तास जातो, कधी जास्त. तेवढा वेळ रुग्ण भुलीतच असतो.

हा खटाटोप कशासाठी, तर एका प्रश्नाच्या उत्तरासाठी : वर काही राहिलं का? पिट्युटरी मुळात हरभऱ्याच्या दाण्याएवढी, नाकाच्या मागे हाडाच्या खोबणीत बसलेली. त्या खोबणीवर पातळ पडदा असतो. गाठ मोठी होताना तो वर ढकलते. आम्ही खालून, नाकाच्या वाटेने येतो आणि बारीक वाकड्या चमच्यांनी गाठ काढतो. खालचा भाग निघाला की वरचा बहुतेक वेळा आपोआप खाली उतरतो, मागोमाग पडदाही खाली येतो. तो सगळीकडून सारखा खाली आला की सर्जनचा जीव भांड्यात पडतो. अडचण कधी येते? पडदा एका बाजूने आधी खाली येतो आणि त्याच्या घडीमागे गाठीचा तुकडा लपतो. किंवा गाठीला मध्ये बारीक कंबर असते, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. मग वरचा गोळा खाली यायलाच तयार नसतो. अशा वेळी टेबलावरचा एमआरआय तो तुकडा दाखवतो आणि त्याच भुलीत पुन्हा आत जाऊन तो काढता येतो. हा फायदा खरा आहे, मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

पण ‘मागे राहण्याचा प्रश्नच नाही’ असं कोणी म्हणालं तर ते विकायचं बोलणं आहे. गाठ बाजूच्या शिरांच्या कप्प्यात शिरली असेल, तर मेंदूची मुख्य धमनी आणि डोळा फिरवणाऱ्या नसा तिथेच असतात. चित्रात तुकडा दिसला तरी शहाणा सर्जन पुष्कळदा तो तसाच ठेवतो आणि पुढे औषध किंवा रेडिएशनचा विचार करतो. शिवाय ताजं रक्त, आत ठेवलेला कापूस आणि हवा यांमुळे चित्र फसवतं. दिसलं म्हणून आत जावं तर नुसती रक्ताची गुठळी निघते. अगदी बारीक गाठीचा अवशेष तर निसटूनही जातो.

दुर्बिणीचंही श्रेय दिलं पाहिजे. पूर्वी सूक्ष्मदर्शकातून सरळ समोरचं तेवढं दिसायचं, कोपऱ्याआडचं अंदाजाने काढायचं. तेव्हा एमआरआयने दाखवलेले तुकडे जास्त सापडत. आता तिरक्या भिंगाची दुर्बीण आत घालून कोपरे प्रत्यक्ष बघता येतात, म्हणून चांगल्या हातात एमआरआयने किती भर पडते यावर आमच्यातही एकमत नाही. आमच्याकडच्या जुन्या युक्त्याही कमी नाहीत. वरचा भाग उतरत नसेल तर भूलतज्ज्ञाला सांगतो, फुफ्फुसातला हवेचा दाब थोडा वेळ धरून ठेवा. डोक्यातला दाब वाढतो आणि गाठ खाली सरकते. कधी कमरेतून मणक्याच्या पाण्यात नळी आधीच घालून ठेवतात, तीही याच कामी येते. आणि टेबलावर चित्र बघायची कल्पना एमआरआयबरोबर जन्मली असंही नाही. नाकातून पहिलं यशस्वी ऑपरेशन 1907 मध्ये ऑस्ट्रियातल्या श्लोफर यांनी केलं. नंतर ही वाट जवळजवळ बुजली होती. पॅरिसचे गिओ आणि त्यांच्याकडे शिकलेले माँट्रियलचे हार्डी यांनी ती पुन्हा मोकळी केली, ती टेबलावर एक्स-रेचा पडदा लावून. म्हणजे तुमच्या गावाजवळचा हाडांचा डॉक्टर ज्या सी-आर्मवर पायातला रॉड बघतो, त्याच कल्पनेवर.

मग अण्णांचं काय? नोस्प ग्रेड 1 म्हणजे गाठ बाजूच्या कप्प्यात घुसलेली नाही. ही चांगली बातमी आहे. रिपोर्टमध्ये कंबरेचा उल्लेख नाही, पण रेडिओलॉजिस्ट तो विसरू शकतात. एमआरआयची सीडी घेऊन जा आणि समोरून कापलेल्या चित्रात गाठीला मध्ये बारीक कंबर आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. असेल, किंवा वरचा भाग एका बाजूला वाकडा गेला असेल, तर हैदराबादला जाण्यात अर्थ आहे. योजना तिथे लागू होते का, तेही आधी लेखी विचारून घ्या. कंबर नसेल तर केवळ यंत्रासाठी तुम्ही कर्ज काढावं असा सल्ला मी देणार नाही. लातूरच्या सर्जनना मात्र स्पष्ट विचारा : अशी ऑपरेशन्स तुम्ही नेहमी करता का? नाकाचे डॉक्टर सोबत असतात का? नंतर हार्मोन कोण बघणार? शेवटच्या प्रश्नाला ‘आम्हीच बघून घेऊ’ असं उत्तर आलं तर मला ते आवडणार नाही. तिथे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा तज्ज्ञ, किंवा यात मुरलेला फिजिशियन हवा. तुकडा राहिला आणि तो वाढलाच, तर दुसऱ्यांदा ऑपरेशन करता येतं. हार्मोनकडे दुर्लक्ष झालं तर माणूस घरी आल्यावर आठवड्यात हातचा जाऊ शकतो.

म्हणून घरी आल्यावरचं लिहून ठेवा. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं स्वच्छ थेंब थेंब गळू लागलं, तर ती सर्दी समजू नका, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, लगेच कळवा. नाक शिंकरायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, पोतं उचलायचं नाही. लघवी मोजायला जुनं मोजमापाचं भांडं ठेवा. सलग दोन-तीन तास तासाला पाव लिटरहून जास्त स्वच्छ लघवी होत असेल आणि तहान भागत नसेल, तर फोन करा. उलट, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातलं सोडियम उतरू शकतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सुस्त होतो, आणि घरचे ‘अशक्तपणा आहे’ म्हणत सलाइन लावायला नेतात. सातव्या दिवशी अहमदपूरलाच सोडियम तपासा आणि रिपोर्ट सर्जनना मोबाइलवर पाठवा. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर बरं वाटतं म्हणून बंद करू नका. ताप आला, उलट्या झाल्या तर डोस वाढवावा लागतो, तो कसा, हे सुट्टी होतानाच लिहून घ्या. पुढचा एमआरआय साधारण तीन महिन्यांनी. तोवर आतली सूज आणि रक्त निवळतं आणि खरं चित्र दिसतं. टेबलावर एमआरआय झाला असला तरी हा करावाच लागतो.

प्रश्न : वय 26, लग्नाला तीन वर्षं. पाळी आठ महिन्यांपासून बंद आहे, गरोदर नसताना स्तनातून दूध येतं. प्रोलॅक्टिन 180, एमआरआयमध्ये 7 मिलिमीटरची गाठ. सासरी ‘मेंदूत गाठ’ ऐकून सगळे हादरलेत. एकाने तर ऑपरेशनच सुचवलं. नाव छापू नये. (बीड जिल्हा)

उत्तर : ताई, तुमच्या बाबतीत चाकूची आणि टेबलावरच्या एमआरआयची चर्चाच नको. तुमचा आकडा, गाठीचा आकार आणि लक्षणं एकमेकांना जुळतात. यावर पहिला उपाय कॅबरगोलिनची गोळी. ती साधारण आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर किंवा झोपताना घेतात, म्हणजे मळमळ कमी होते. बहुतेक जणींचं दूध थांबतं, पाळी येते, गाठ आटते. मात्र सुरुवात करण्याआधी गरोदरपणाची तपासणी, थायरॉईड आणि सध्या चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा. उलटीच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं. आणखी एक, पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं. म्हणजे पाळीची वाट बघताना दिवस राहू शकतात. राहिले तर गोळी स्वतःहून चालू किंवा बंद न करता डॉक्टरांना कळवा. सासूबाईंना सांगा, ही गाठ कॅन्सरची नाही आणि मूल होण्याचा रस्ता बंद झालेला नाही. दिवस गेले नाहीत त्याला कारण तुमच्यात दडलेला दोष नाही, एक हार्मोन वाढलं आहे आणि त्यावर औषध आहे.

प्रश्न : एमआरआयच्या किरणांनी अपाय होतो का? मला वारंवार करायला सांगतात. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो, आता निवृत्त. पायात रॉड आहे. (हिंगोली)

उत्तर : काका, एमआरआयमध्ये एक्स-रेची किरणं नसतात, चुंबक आणि रेडिओलहरी असतात. वारंवार केल्याने किरणांचा साठा होत नाही. शिरेतून औषध देऊन करणार असतील तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, दाखवा. पायातला रॉड हाडात घट्ट बसलेला असतो, बहुतेक वेळा अडचण येत नाही, पण त्याचं कार्ड किंवा ऑपरेशनचा कागद सोबत न्या. मला काळजी तुमच्या वेल्डिंगची वाटते. लोखंडाचा बारीक कण कधी डोळ्यात गेला होता का? डॉक्टरांनी सुईने काढला होता का? आत राहिलेला कण चुंबकात हलला तर नजर जाऊ शकते. टेक्निशियन फॉर्म भरून घेताना घाईत असतो, तुम्हीच त्याला सांगा. आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे, तो स्वच्छ आला की मग एमआरआय.